कावळा नसलेल्या बेटावर

११ ऑगस्ट, यिगो

सुमित्रा गेल्यापासून वही बंद होती. आज उघडली, कारण इथे दिवसभर बोलायला कुणी नाही, आणि स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो तर अदिती मला डॉक्टरकडे नेईल.

मी अमेरिकेत आहे. म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का अमेरिकेचा, टपालपेटी अमेरिकेची, दुकानात डॉलर मोजायचे. पण नकाशात बघायला गेलं तर अमेरिका कुठल्या कुठे आणि आम्ही पॅसिफिकच्या पाण्यात, त्यातल्या त्यात मनिलाला जवळ. बेटाचं नाव ग्वाम, आमच्या गावाचं यिगो. अवधूत, माझा पुतण्या, अमरावतीहून फोनवर विचारतो, काका, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला का. त्याला म्हटलं, बाबा रे, तो पुतळा तुला जितका लांब तितकाच मलाही.

लेक इथे पक्ष्यांवर संशोधन करते. उजाडायच्या आत जाते, परत येते तेव्हा बुटांना चिखल आणि तोंडाला कुलूप. घर सिमेंटचं, वादळात उडू नये म्हणून छप्परही सिमेंटचं. पुढे गाडी ठेवायची पडवी, तिच्या कडेला कमरेएवढी भिंत आणि भिंतीला लागून जास्वंदीचं दाट कुंपण. मी तिथे खुर्ची टाकून बसतो. वीज मंडळात जन्म गेला, त्यामुळे कुठेही गेलं की नजर आधी तारांवर जाते. इथे दिवे फार जातात. कारण विचारलं तर अदिती म्हणाली, साप. झाडांवर चढणारा एक तपकिरी साप इथे अतोनात आहे, तो तारांवर चढतो आणि शॉर्ट सर्किट होतं. आमच्याकडे खारी आणि पतंगाचा मांजा जी कामगिरी बजावतात ती इथे सापाने अंगावर घेतली आहे, हे ऐकून मला आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

मग तिने पुढचं सांगितलं. हा साप मुळात इथला नाही. महायुद्धानंतर लष्कराच्या सामानातून आला आणि त्याने रानातले पक्षी जवळजवळ सगळे खाऊन टाकले. इथे सकाळी इतकं सामसूम का असतं ते आत्ता कळलं.

१३ ऑगस्ट

सहज विचारलं, इथले कावळे कुठे असतात. अदिती डबा भरत होती. म्हणाली, "बाबा, ग्वामवर एकही कावळा नाही. इथला एक वेगळा कावळा होता, तो संपला. शेजारच्या रोटा आयलंडवर थोडे उरलेत." एवढं बोलून ती गेली. मी तिथेच बसून राहिलो.

दहाव्याचं कुणाशी बोललो नाही, इथे लिहितो. घाटावर पिंड ठेवले तेव्हा समोरच्या पिंपळावर कावळ्यांची रांग लागली होती. आमच्या शेजारी दुसरं एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आमच्याकडे एकाने बघितलंसुद्धा नाही. ऊन चढलं. अवधूतने हात जोडून सांगितलं, काकू, काकांना मी सांभाळीन. काही नाही. वहिनी म्हणाल्या, पोरीत जीव अडकलाय हो हिचा, शेवटी भेट नाही झाली. मग सगळेच म्हणायला लागले, अदितीचं आम्ही बघू, अदितीची काळजी करू नकोस. तरी काही नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली.

मी जन्मभर या गोष्टींची टिंगल केलेला माणूस. कुणाच्या श्राद्धाला गेलो तर वड्यांसाठी. पण तो पिंपळ डोळ्यांपुढून जात नाही. तिचं काय राहिलं होतं? विचारायला हवं होतं, ते मी तिच्या आजारपणात विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

अदिती तेव्हा आली नाही. व्हिसाचा शिक्का नव्याने मारून घ्यायचा होता, एकदा बाहेर पडली तर परत येता येईल याची खात्री नव्हती. तिने मला विचारलं होतं, बाबा, येऊ का. मी म्हटलं, आता येऊन काय करणार, तुझं काम सांभाळ. तिने ते इतक्या चटकन ऐकलं की मला जरा लागलंच. नव्या पिढीचं बरं असतं, ती पुढे बघते.

१६ ऑगस्ट

सुमित्रा रोज जेवायच्या आधी घासभर भात खिडकीत ठेवायची. मी म्हणायचो, तुझ्या माहेरचे पितर रोज जेवून जातात, माझे बिचारे उपाशी. आज पान वाढून घेतलं आणि हात आपोआप पहिल्या घासाकडे गेला. उठलो, भिंतीवर ठेवला आणि स्वतःलाच हसलो. कावळा नाही तिथे काकबळी.

खुर्चीत परत टेकतो तोच एक पक्षी उतरला. काळाभोर, अंगावर हिरवट झाक, डोळे पिवळेजर्द. साळुंकीएवढा. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ भाताला चोच लावली. मी घास हातात तसाच धरून बसलो होतो.

संध्याकाळी अदितीला एवढंच सांगितलं की असा असा पक्षी दिसला. तिचा चेहरा उजळला. त्याला इथे सॉली म्हणतात. आपल्या साळुंकीच्या गोतावळ्यातला, फक्त या बेटांवरचा. सापाच्या तडाख्यातून जे अगदी मोजके पक्षी वाचले त्यांतला हा एक, आणि तोही बहुतेक इथल्या लष्करी तळाच्या कुंपणाआड. ती याच्यावरच काम करते. भाताचं मी बोललो नाही. बापाने म्हातारपणी काकबळी सुरू केला हे ऐकून ती हसली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

२१ ऑगस्ट

रोज येते, डाव्या पायात लाल कडं असलेली तीच. हो, मी आता "येते" लिहितो. पपईची फोड ठेवली की आधी पपई, मग भात. पोळीचा तुकडा ठेवला तर उचलून खाली टाकते. सुमित्रेलाही माझ्या हातची पोळी कधी आवडली नाही. आज मी पेपर वाचत बसलो आणि भात ठेवायला उशीर झाला, तर भिंतीवर बसून अशी काही ओरडली की मी चष्मा शोधत पळालो.

मला वेड लागलेलं नाही. मला माहीत आहे तो पक्षी आहे. पण दुपारी कुणीतरी माझ्यावर ओरडतं आहे ही गोष्टच किती महिन्यांनी घडते आहे.

फ्रीज साफ केला. मागच्या बाजूला सुमित्रेने जानेवारीत पाठवलेली मेतकुटाची बाटली दिसली, झाकणाची पट्टीसुद्धा काढलेली नाही. अदितीला म्हटलं, खराब होईल, काढू का. ती म्हणाली, राहू द्या. इथे राहून मुलांच्या जिभा बदलतात. मी बाटली परत मागे ठेवली.

२४ ऑगस्ट

शनिवार. अदितीने तिचं काम दाखवायला नेलं, म्हणजे गल्लीच्या पलीकडे. समोर तान डोलोरेस राहतात, इथल्याच, माझ्याच वयाच्या. तान म्हणजे इथल्या बोलीत आपल्या मावशीसारखं. त्यांच्या परसात एक गुळगुळीत लोखंडी खांब आहे, सापाला त्यावर चढता येत नाही, आणि वर लाकडी पेटी. पेटीत तीन पिल्लं. अदितीने काठीला लावलेला कॅमेरा आत सोडून मला फोनवर दाखवली. नुसत्या चोची.

ती समजावून सांगत होती. तळाच्या कुंपणाआत सापांचा बंदोबस्त करतात म्हणून तिथे पक्षी टिकलेत. गावात, माणसांच्या वस्तीत ते जगू शकतील का, हे बघायला ही पेटी बाहेर लावली आहे. "पेटीत ती सेफ असतात, बाबा. प्रॉब्लेम बाहेर पडल्यावर असतो. सुरुवातीचे दिवस नीट उडता येत नाही, झुडपात बसतात, आणि साप रात्री येतो. ही तीन जगली तर मी म्हणू शकते की गावागावांत पेट्या लावा. नाहीतर पुन्हा कुंपणाच्या आत." तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. लहानपणी बक्षीस मिळालं तरी ही पोर खांदे उडवायची.

तेवढ्यात आई आली, चोचीत काहीतरी घेऊन. डाव्या पायात लाल कडं, अदितीनेच घातलेलं. माझ्या भिंतीवर येते तीच. सांगणारच होतो, पण तान डोलोरेस बोलायला लागल्या. त्या लहान असताना पहाटे पाखरांच्या कलकलाटाने झोप मोडायची, त्यांची आजी वैतागायची. आता त्यांच्या नातवंडांनी वाढदिवसाच्या कार्डावरच पाखरं बघितली आहेत. मग ते राहून गेलं.

तीन पोरांची आई म्हटल्यावर मी घरी येऊन भाताचा घास वाढवला.

३१ ऑगस्ट

पिल्लं बाहेर पडली. पाठीवर शेंगदाण्याएवढं यंत्र बांधलंय, ते टिकटिक आवाज पाठवतं आणि अदिती अँटेना घेऊन त्यांना शोधते. आज तिने स्वतःहून शिरा केला. साखर जास्त झाली होती. मी दोनदा मागून घेतला.

दुपारी तिघं माझ्याकडे आली. आईसारखी काळी नाहीत, छातीवर मातकट रेघा. जास्वंदीत बसून पंख थरथरवत आ वासतात आणि ती भिंतीवरून भात नेऊन भरवते. आयतं घरपोच मिळतंय म्हटल्यावर ती कशाला रानोमाळ भटकेल. मला कृतकृत्य वाटलं. सुमित्रेच्या बाळंतपणात मी जळगावला बदलीवर होतो, काही करता आलं नव्हतं.

३ सप्टेंबर

वाईट दिवस.

सकाळी अदिती अँटेना हातात धरून गल्लीतून येताना दिसली. आवाजाच्या मागे मागे चालत होती. तान डोलोरेस यांच्या फाटकापाशी थांबली, वळली, आणि आमच्याच पडवीत आली. तिलाही ते खरं वाटत नव्हतं. पाणी तापवायच्या टाकीच्या मागे आवाज मोठा झाला. ती गुडघ्यांवर बसली, हातमोजे चढवले आणि मागून एक साप ओढून काढला. अंगठ्याएवढा जाड, मधे फुगलेला. टिकटिक त्याच्या पोटातून येत होती.

तिने तो पिशवीत घातला, गाठ मारली. मग भिंतीजवळ उभी राहून खाली बघत राहिली. तिथे भाताची शितं होती आणि बाजूला उंदराच्या लेंड्या. तिने विचारलं, "बाबा, इथे भात कुणी टाकलाय?"

मी म्हणालो, सांडला असेल, ताट घेऊन बाहेर बसतो ना.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, प्लीज बाहेर काही ठेवू नका. उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतात." नळी लावून तिने भिंत धुतली. धुऊन झाली तरी धूतच होती. मी आत गेलो. तिला माझं म्हणणं पटलं असावं.

एवढी वर्षं नोकरीत कुणाशी खोटं बोललो नाही, आणि बोललो तर कशावरून, घासभर भातावरून.

४ सप्टेंबर

विचार केला. अडचण उष्ट्याची आहे, भाताची नाही. उंदीर येतात ते उरलेल्या शितांवर. तेव्हा आजपासून चमचाभरच ठेवतो, तिचं खाणं होईपर्यंत समोर बसतो आणि लगेच फडक्याने पुसून घेतो. आता उंदीर येण्याचं कारणच नाही. मंडळात असताना म्हणायचे, पुरुषोत्तमरावांनी तपासलेला मीटर पुन्हा बघावा लागत नाही.

ती आली. दोन पिल्लं घेऊन.

९ सप्टेंबर

दुसरंही गेलं. तेही आमच्याच कुंपणाजवळ. यंत्र तेवढं सापडलं. उंदीर आता दिसत नाहीत, तरी साप कसा आला देव जाणे. या सापाचा काही नेम नाही.

अदिती तिच्या साहेबांशी फोनवर बोलत होती, स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. तिसरं गेलं तर बाहेरच्या पेट्या काढायच्या, असं ठरलेलं दिसतं. साहेबांनी काहीतरी विचारलं, त्यावर ती थोडं थांबून म्हणाली, नाही, फूड सोर्स काही नाही आसपास, मी चेक केलंय. मग फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू केली नाही. नुसती बसली, कानाला फोन लावून, पण ओठ हलत नव्हते. कुणाचा तरी जुना निरोप ऐकत असावी, कारण मधेच स्क्रीनला बोट लावून फोन पुन्हा कानाला लावायची आणि डोळे पुसायची. मी खिडकीतून हात केला, तिचं लक्ष नव्हतं.

या मुलीला पक्ष्याच्या पिल्लासाठी रडू येतं. आईसाठी तिच्या डोळ्यांत पाणी मी अजून पाहिलेलं नाही. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१६ सप्टेंबर

तिसरं पिल्लू धीट आहे. आज जास्वंदीतून उडी मारून थेट भिंतीवर, माझ्या ताटापासून हातभर अंतरावर. आईने ओरडून दटावलं, तर त्याने तिच्याकडे पाठ केली. संध्याकाळी दोघं याच कुंपणात झोपायला येतात, आत खोलवर शिरून, अगदी खालच्या फांदीवर. मी अंधार पडेपर्यंत बसून पहारा देतो. मग अदिती जेवायला हाक मारते.

तिला सांगायला हवं की पिल्लू किती छान आहे. पण मग बाकीचंही सांगावं लागेल.

२० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नवमी बुधवारी आहे, अविधवा नवमी. सौभाग्यवती गेलेल्यांची तिथी. सुमित्रा दरवर्षी तिच्या आईचं पान या दिवशी वाढायची आणि म्हणायची, मीसुद्धा नवमीचीच मानकरी होणार, बघा. मी म्हणायचो, काहीतरी बोलू नको.

खऱ्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून नेत्राचा, माझ्या भाचीचा फोन आला. मामा, आमच्याकडे या, इथे देऊळ आहे, मंडळ आहे, आणि एक गुरुजी व्हिडिओ कॉलवरसुद्धा श्राद्ध सांगतात, लिंक पाठवू का. तिला म्हटलं, तुझ्या मामीने मला टीव्हीसमोर जेवू दिलं नाही, ती स्वतः फोनसमोर कशी जेवेल. मी आपला स्वतःच करीन.

अदितीला बुधवारचं सांगितलं. म्हणाली, मला फील्डवर जायला लागेल, बाबा. बरं म्हटलं.

२५ सप्टेंबर, नवमी, दुपार

सगळं केलं. तांदळाची खीर, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, वडे. उडदाची डाळ अदितीच्या डब्यात मिळाली. वडे दगड झाले. केळीचं पान तान डोलोरेस यांनी परसातून कापून दिलं, कशाला हवं तेही विचारलं नाही. मी सांगितलं, बायकोसाठी. त्यांनी छातीवर क्रूस केला.

एकदाच, आजच्या दिवसापुरतं, चमचाभराचा नियम मोडला. पूर्ण पान वाढून भिंतीवर ठेवलं. मागे सरून उभा राहिलो. मनात म्हटलं, तुझं काय राहिलं असेल ते मला कळलं नाही, सुमित्रा. विचारलं नाही, चुकलो. आता ये.

पान ठेवलं आणि हात पुसतोय तोवर ती आली. पिल्लाला घेऊन. इकडे तिकडे पाहिलं नाही, थेट खिरीला चोच लावली. मग भात. मग वडासुद्धा.

मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. इतके महिने छातीवर जो धोंडा होता तो उतरला. ती सुटली. आता अदितीला सांगतो. हसली तर हसू दे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सांगितलं. ती दारातून आत आल्या आल्या, बूटही काढू न देता सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं, भात, पपई, चमचाभराचा नियम, आजचं पान. "शिवली गं," म्हटलं, "लगेच शिवली."

ती हसली नाही. दाराला टेकून खाली बसली, एका पायात बूट तसाच. म्हणाली, "म्हणजे रोज. त्या दिवसानंतरही."

मी म्हटलं, पण पुसून घेत होतो. उंदीर नाहीत आता.

मग तिने सांगितलं, अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून शब्द निवडत. "बाबा, उंदरांचं नाही नुसतं. पिल्लं बाहेर पडली की आई त्यांना दोन-तीन दिवसांत उंच झाडांत नेते. चर्चच्या मागे आहेत ना, तिथे. इथे खायला मिळतंय म्हणून तिने नेलंच नाही. ती रात्री या बुटक्या कुंपणात झोपतात. साप फक्त येऊन उचलतो."

दोन पिल्लं. मी समोर बसून, पहारा देऊन, फडक्याने भिंत पुसून.

मी म्हटलं, तुला कळलं होतं ना, त्या दिवशी भात बघून. ती म्हणाली, डाउट होता. मग बोलली का नाहीस? साहेबांनाही नाही म्हणालीस. ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"दहाव्याला अवधूतदादाने फोन चालू ठेवला होता, बाबा. कॅमेरा पिंपळाकडे होता. मी इथे बघत होते. सगळे म्हणत होते ना, पोरीत जीव अडकलाय. मी ते ऐकत होते. कावळा शेवटपर्यंत आला नाही. तुम्ही भात ठेवत असाल तर कशाला, ते मला कळलं होतं. कसं सांगणार होते तुम्हाला, ठेवू नका म्हणून?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बूट तसाच पायात होता, तो मी काढला. लहानपणी काढायचो तसा.

नंतर मी विचारलं, आता काय करायचं. ती म्हणाली, भात बंद करून भागणार नाही, तिला सवय झाली आहे, ती येतच राहणार. "हाकलायला लागेल, बाबा. रोज, सकाळी आणि झोपायच्या वेळी. इथे धोका आहे असं तिला वाटलं पाहिजे. मी करीन."

मी म्हटलं, नाही. ती माझ्याकडे येते. मीच हाकलीन.

२६ सप्टेंबर

ती रोजच्या वेळेला आली. भिंत रिकामी बघून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली. पिल्लू मागे जास्वंदीत. मी ताट आणि पळी घेऊन उभा होतो. ताट वाजवता येईना. शेवटी डोळे मिटून वाजवलं. उघडले तर ती तिथेच, मान वाकडी करून. तिला वाटलं असेल, हा काय नवा खेळ.

मग मी ओरडलो. हाड, चालती हो. अमरावतीच्या शुद्ध मराठीत, सबंध गल्लीला ऐकू जाईल असा. ती भुर्रकन तारेवर गेली. तान डोलोरेस बाहेर येऊन बघून आत गेल्या.

अदितीही बरोबर उभी होती. तिला एक टाळीसुद्धा वाजवता आली नाही. हातात अँटेना होता म्हणून असेल.

२७ सप्टेंबर

पाच-सहा वेळा आली. संध्याकाळी कुंपणावर काठी आपटली तेव्हा पिल्लू गांगरून गाडीवर आदळलं. उठलं, उडालं. जेवण गेलं नाही.

३० सप्टेंबर

काल कुंपण अर्ध्यापर्यंत छाटलं. आज सकाळी एकदाच आली. अदितीच्या अँटेनाला पिल्लाचा आवाज चर्चच्या मागून मिळाला, उंचावरून. तिने मला बोलावून ऐकवला. टिकटिक अगदी स्वच्छ. तिने साहेबांना सगळं खरं सांगितलं, माझ्या भातासकट. साहेब काय म्हणाले ते सांगितलं नाही. पेटी तूर्त आहे एवढं कळलं. दोन गेली ती गेलीच, त्यांचा हिशेब माझ्या नावावर.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

आज स्वयंपाक केला नाही. चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, तीही आत, दार लावून.

संध्याकाळी खुर्चीत बसलो होतो, अदिती शेजारी पायरीवर. दिवसभर सॉली फिरकली नव्हती. ऊन उतरलं तेव्हा आली. एकटीच. भिंतीवर उतरली नाही, समोर तारेवर बसली, लाल कडं दिसलं. तिने आमच्याकडे पाहिलं. मी ताट घ्यायला म्हणून नुसता उठलो, ताटाला हातही लागला नव्हता. मला उभं राहताना बघताच ती दचकली, किंचाळली आणि चर्चच्या दिशेने सुसाट निघून गेली.

अदिती म्हणाली, "शिकली, बाबा. आता नाही यायची." तिने माझा हात धरला होता. मी म्हटलं, बरं झालं.

बरंच झालं. पिल्लू जगेल कदाचित. पण इतक्या वर्षांच्या संसारात सुमित्रा माझ्यावर चिडली, रुसली, आठवडा आठवडा बोलली नाही. मला ती घाबरली मात्र कधीच नव्हती.